मातीला

सकाळी कुणी विचारलं, काय रे, कुठे निघालास, की बारक्या म्हणायचा, "मातीला."

सुरुवातीला हा विनोद होता आणि तो काढला होता त्याच्या जोडीदाराने, मोठ्या आवाजाच्या भोंग्याने. कुणी गेलं की आपण मातीला जातो, आणि या दोघांचा तर धंदाच मातीचा. बारक्या पोकलेन चालवायचा, म्हणजे नदीतला गाळ उपसायचा, आणि भोंग्याचा डंपर तो वाहून न्यायचा. "आम्ही रोज मातीला जातो, पण रडायला कुणी नसतं," असं भोंगा चहाच्या टपरीवर म्हणाला आणि माणसं पोट धरून हसली. पुढे वरची वाडी दरडीखाली गेली. विनोदातलं हसू निघून गेलं, शब्द तेवढा बारक्याच्या तोंडात राहिला. जिभेला वळण लागलं की लागलं, मग तिला कोण शहाणपण शिकवणार?

नाव बारक्या, आणि माणूस असा, की दारातून आत येताना खांदा तिरका करावा लागायचा. नाव ताईने ठेवलेलं. ताई म्हणजे थोरली बहीण. ती कपडे शिवायची. लग्न होऊन वरच्या वाडीला गेली, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, तरी ती माहेरी काही परतली नाही. सगळ्या वाडीचे सदरे-झबली तिच्याच हातची होती हे एक कारण. दुसरं कारण असं, की आई आणि ती एका छपराखाली दोन दिवसांवर राहिल्या तर भांड्याला भांडं लागायचंच. दोघींचीही जीभ म्हणजे कात्री.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात, भर दुपारी, वाडीच्या डोक्यावरची दरड सुटली. एकोणीस घरं होती. आवाज खाली गावापर्यंत आला आणि लोकांना वाटलं कुठेतरी ढग गडगडला. शोधणाऱ्यांनी बारा दिवस माती उकरली. बरीच माणसं मिळाली, सात मिळाली नाहीत, आणि त्या सातांत ताई होती. तेराव्या दिवशी पथक यंत्रं घेऊन परत गेलं. जाताना त्यांचा मुख्य बारक्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, की माती स्थिर नाही, आणखी माणसं गमवायची नाहीत. खरंच होतं ते, पण खऱ्याने का कुणाचं समाधान होतं?

आता लोकांना वाटतं डोंगर पडला, विषय संपला. डोंगर असा एका दिवसात पडून मोकळा होत नाही. नदीच्या खात्यातल्या मॅडमनी हे बारक्याला पुलाच्या कठड्यावर कागद पसरून समजावलं होतं. वर डोंगराची सालच निघालीय, त्या म्हणाल्या, झाड नाही, मूळ नाही, धरून ठेवणारं काहीच नाही. दर पावसात थोडी थोडी माती, दगड, ओंडके असं सगळं मिळून घळीतून खाली धावत येतं आणि नदीत पडतं. वर नदीला उतार आहे, जोर आहे, ती ते ओढत आणते. इथे सपाटीला आली की जोर संपतो आणि ओझं ती इथेच टाकते, नेमकं पुलाखाली. मग त्यांनी कठड्यावरून वजन बांधलेली दोरी खाली सोडली. ज्या पुलाखालून पूर्वी भरलेला ट्रक आरामात गेला असता, तिथे आता बारक्याला वाकून चालावं लागत होतं.

"पाऊस वाढलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "पाणी पूर्वीइतकंच येतंय. नदीचं पोट भरलंय, त्याला ती काय करणार? बाहेरच येणार."

म्हणून दर वर्षी पावसाआधी पुलाचे तिन्ही गाळे, म्हणजे खांबांमधल्या पाण्याच्या वाटा, मोकळे करायचे, हे काम बारक्याकडे. गाळे तुंबले तर पाणी फुगून आधी शिरणार काठावरच्या गल्लीत, आणि त्या गल्लीत तिसरं घर त्याचं स्वतःचं. त्या घरात आई. इतकी सरळ गोष्ट होती. पोराने नदी साफ ठेवायची, म्हणजे आई कोरडी राहील.

पण गोष्टी सरळ राहतात कुठे?

नदीची स्वतःची माती काळपट करडी. वरच्या वाडीची माती पिवळी, ओली झाली की हळदीसारखी. पहिल्या वर्षी पोकलेनच्या बकेटमध्ये पिवळी माती आली तेव्हा बारक्याचा हात लिव्हरवरच थांबला. वाडी इथे आली होती. चालत दीड तासाची वाट, ती वाडी एका पावसात उतरून पुलाखाली येऊन बसली होती. त्या मातीत मग काय काय निघत गेलं. कुकरचं झाकण निघालं. एक दाराची कडी निघाली, कोयंड्यासकट. शाळेचं दप्तर निघालं, त्यात एक दगड होता आणि तो कुणी मुद्दाम जपून ठेवल्यासारखा गुळगुळीत होता. भोंगा पहिल्यांदा प्रत्येक वस्तूवर काहीतरी बोलायचा. दप्तरानंतर त्याने बोलणं सोडलं.

आणि दुसऱ्या वर्षी शिलाई मशीनचं चाक निघालं.

वाडीत मशीन एकच होती. चाकाला काळा रंग, कडेला सोनेरी रेघ, आणि एका जागी ती रेघ खरवडलेली. लहानपणी बारक्यानेच खिळ्याने खरवडली होती आणि ताईच्या हातचा सपाटून मार खाल्ला होता. दरड आली ती दुपारची वेळ, आणि दुपारी ताई मशीनवरच असायची. म्हणजे चाक इथे तर ती किती लांब असणार? हा हिशोब त्याने मनात मांडला आणि तिथून त्याची झोप आणि काम दोन्ही बिघडलं.

चाक घेऊन तो घरी गेला. आईने ते पुसून खिडकीत ठेवलं. तिचं दुःख वेगळंच होतं. त्या दिवशी सकाळी ताई घरी आली होती. पाऊस होता, पायवाट सगळी चिखलाची, आणि आईने नुकतीच फरशी पुसली होती. ताई उंबऱ्यात उभी राहिली तोच आई ओरडली, की चिखलाचे पाय घेऊन आत येऊ नकोस, किती वेळा सांगायचं. ताई म्हणाली, बरं, नाही येत. हातातली पिशवी, बारक्याचा शिवून आणलेला सदरा होता तीत, ती उंबऱ्यावर ठेवली आणि आल्या पावली परत गेली. दुपारी दरड आली. आता सांगा, या बाईने काय करायचं? रोज घरात असले वाद होतात आणि संध्याकाळी मिटतात. हा एक मिटायचा राहिला.

तेव्हापासून आई दार लावत नसे. पावसाळ्यात गल्लीतली माणसं सामान उंचावर हलवायची, मामा तर दर वर्षी निरोप धाडायचा की टेकडीवर माझ्याकडे येऊन राहा. आई म्हणायची, मी नसेन आणि ती आली तर? आणि बारक्या कामावरून आला की गावातले सगळे विचारायचे, काय रे, सापडली का. आई तसं कधीच विचारत नसे. आई विचारायची, "आली का?"

सापडली का याला नाही म्हणता येतं. आली का याला काय म्हणणार?

यंदा तिसरं वर्ष, आणि यंदा गाळ सगळ्यात जास्त आला होता. मॅडमनी पाऊस सुरू व्हायच्या आत तिन्ही गाळे मोकळे हवेत असं बजावलं. बारक्या मान हलवून पोकलेनवर चढला. पण त्याने मनाशी आधीच एक पद्धत ठरवली होती. करडी माती आली की सरळ डंपरमध्ये. पिवळी आली की बकेट हळूच जमिनीवर टेकवायची, माती पसरायची, खाली उतरायचं, हाताने चाचपायचं, मग पुढची. दिवसाला साठ डंपर व्हायचे तिथे वीस होऊ लागले. भोंगा स्टिअरिंगवर हनुवटी टेकून बसून राहायचा. तो म्हणायचा, बारक्या, तू नदी साफ करतोयस का नदीचे केस विंचरतोयस?

आणि पाहून झालेली पिवळी माती तो डंपरमध्येही भरू देईना. डंपरची माती जायची नव्या बाजाराच्या भरावात. मागच्या वर्षी बारक्या तिकडे गेला होता आणि त्याने त्या पिवळ्या मातीवरून रोलर फिरताना पाहिला होता. पुढे मागे, पुढे मागे, आणि वर बसलेला माणूस गाणं गुणगुणत होता. आपल्या हातून काही सुटलं असेल तर? उद्या तिथे दुकानं होणार, लोक भाजी घ्यायला येणार, वजनावरून हुज्जत घालणार, आणि खाली ताई. म्हणून त्याने पिवळ्या मातीचा वेगळा ढीग घातला. पुलाच्या वरच्या अंगाला, वळणावर, काठालगत सपाट जागा होती तिथे. पाऊस संपला की सावकाश चाळू, असं त्याने ठरवलं. ढीग वाढत गेला, आधी माणसाएवढा, मग घराएवढा, मग दोन घरांएवढा.

मॅडमना ढीग दिसला तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. काठावर ठेवलेली माती म्हणजे नदीला उधार दिलेली माती, त्या म्हणाल्या, ती पहिल्या पुरात परत नेते. हलवा. बारक्या म्हणाला, उद्या हलवतो. त्याचा उद्या काही उजाडला नाही. मॅडमना वाडीचं माहीत होतं, त्यांनी फार रेटलं नाही. त्यांनी रेटायला हवं होतं असं मला वाटतं, पण दुःखी माणसाला रेटायला कुणाची छाती होते?

मग ते सुरू झालं.

पोकलेनचं इंजिन कामात असलं की त्याचा आवाज कान फाडतो. पण बकेट टेकवून इंजिन हळू केलं की खालून दुसरा एक आवाज यायला लागला. टक टक टक टक, एका लयीत, मध्येच थांबणारा. कापड फिरवायला थांबतात तेवढाच थांबायचा आणि पुन्हा सुरू. बारक्याचं सगळं लहानपण त्या आवाजाशेजारी गेलं होतं, तो त्याला कळणार नाही तर कुणाला? त्याने इंजिन बंद केलं. इंजिन बंद झालं, आणि तो आवाज त्यानंतर थोडा वेळ चालू राहिला. तेवढ्यात एखादी बाही शिवून झाली असती. मग तोही थांबला.

यंत्राचा काहीतरी खुळखुळा असेल, त्याने स्वतःला सांगितलं. मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिकने सगळं उघडून पाहिलं, सगळं बंद केलं आणि म्हणाला, मशीन ठणठणीत आहे, तू जरा सुट्टी घे.

एकदा दुपारी भोंगा डंपरमधून उतरून पोकलेनपाशी आला, काहीतरी चिडवणारच होता, तोंड उघडलेलंही होतं. इंजिन हळू होतं. भोंगा तसाच उभा राहिला. मग त्याने खाली पिवळ्या मातीकडे पाहिलं, बारक्याकडे पाहिलं, आणि परत डंपरमध्ये जाऊन बसला. काच वर केली. त्या दिवसभर त्याने एकदाही हॉर्न वाजवला नाही. बारक्याला भीती वाटली ती तेव्हा. इतके दिवस तो आवाज आपल्या डोक्यातला आहे अशी एक सोय होती, ती गेली.

भीती वाटली तरी तो थांबला नाही, उलट आणखी हळू झाला. ती इतकी जवळ आहे आणि मी बकेटचे दात मातीत घालतोय, हा विचार आला की लिव्हर तो बोटाबोटाने ढकलायचा. मधला गाळा मोकळा झाला होता. डावा निम्मा झाला. उजव्याला अजून हातही लागला नव्हता. आणि एका सकाळी डोंगराकडचं आभाळ काळं झालं.

पाऊस दोन दिवस पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी नदी पिवळी झाली. पाणी अजून काठाच्या आत होतं, मधल्या गाळ्यातून घुसत होतं, ओंडके आपटत होते पण निघून जात होते. पुलावर छत्र्या घेतलेली माणसं म्हणत होती, यंदा निभावलं बुवा, बारक्याने एक गाळा तरी काढलाय. बारक्या हे ऐकत होता आणि त्याची नजर वळणावर होती.

ढिगाच्या पायथ्याशी पाणी पोचलं होतं. नदी त्याला खालून खात होती, आधी घास घास, मग हातभर, मग आणखी. पिवळ्या ढिगाला वरून एक चीर पडली. बारक्याने ती चीर पाहिली आणि त्याला कळलं. वाडीच्या डोक्यावर पण अशीच चीर पडली असणार, कुणीतरी पाहिलीही असणार. तो धावला नाही, ओरडला नाही, नुसता बघत राहिला. मग अख्खा ढीग खचला आणि नदीत बसला.

ही दरड कोणत्याही डोंगराची नव्हती. ती त्याने स्वतः, दोन महिने, हाताने रचली होती.

माती आणि ओंडके सरकत पुलाशी आले. निम्मा मोकळा डावा गाळा बुजला. मधल्या गाळ्यात एक झाड आडवं अडकलं, त्यामागे दगड, त्यामागे पिवळा लगदा, आणि बघता बघता पुलाचा बांध झाला. पाणी क्षणभर थबकलं. मग ते मागे फुगलं आणि शांतपणे, ओळखीच्या घरी जावं तसं, काठावरच्या गल्लीत वळलं.

पोकलेन पुलाच्या तोंडाशी उभी होती. बारक्याने भोंग्याला सांगितलं, आईला उचल आणि मामाकडे ने, आणि स्वतः वर चढून बसला. ती पुलावर मधोमध आणून, तिचा हात लांब करून त्याने मधल्या गाळ्यात बकेट घातली, आडवं झाड धरलं, ओढलं. झाड सुटेना. आधी त्यामागची माती काढायला हवी होती. पहिली बकेट वर आली, पिवळी, भरगच्च. आणि काय सांगू, या माणसाने ती पुलावर टेकवली, पसरली, आणि वाकून पाहिली. सवय! गल्लीत पाणी शिरतंय, आई आत बसलीय, आणि हा पाहतोय. दुसरी बकेट, पुन्हा पाहिली. तिसरी.

तेवढ्यात भोंगा छातीपर्यंत भिजून पळत आला. पोकलेनच्या दाराला लटकून तो बोलला, आणि या वेळी त्याचा आवाज मुळीच मोठा नव्हता.

"म्हातारी येत नाही. टेबलावर चढून बसलीय. मी धरलं तर मला चावली. म्हणते दार उघडं राहू दे, आज ती येणार." त्याने श्वास घेतला. "बारक्या, पाणी टेबलाला लागलंय. एक तर बघ, नाही तर उपस. दोन्ही होणार नाही."

बारक्याने इंजिन हळू केलं, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. टक टक टक टक. स्पष्ट, अगदी बकेटच्या खालून. भोंग्याने डोळे मिटून घेतले.

"ताई," बारक्या म्हणाला, "आई बसलीय गं आत."

त्याने लिव्हर ओढलं. चौथी बकेट त्याने न टेकवता पुलाच्या पलीकडे, खालच्या अंगाला नदीत उलटी केली. पाचवी, सहावी, दहावी. आता तो मोजत नव्हता. पंधरा-वीस बकेटींनंतर एक अशी आली, की तिच्या दातांना कापड अडकलं होतं. ओलं, चिखलाने भरलेलं, हातभर लोंबणारं. एखादं पोतं असेल. ओंडक्यावरची कुणाची घोंगडी असेल. पदर असेल. वाऱ्याने ते एकदा हललं. बारक्याला वाटलं, आत्ता आपण खाली उतरलो नाही तर जन्मभर उतरलो नाही. आणि तो उतरला नाही. त्याने बकेट पलीकडे नेली आणि उलटी केली. कापड दातांना चिकटून राहिलं, तेव्हा त्याने बकेट दोनदा झटकली, आणि मग ते गेलं. तो मोठ्याने रडत होता, लहान मुलासारखा, आणि हात आपलं काम करत होते.

झाड सुटलं तेव्हा पूल हादरला. मधल्या गाळ्यातून पाणी सुटलं आणि सगळा पिवळा लोंढा खाली निघून गेला. काठावरच्या लोकांनी आरडाओरडा करून आनंद केला. बारक्याने इंजिन हळू केलं, मग बंद केलं, आणि कान लावला. काही नव्हतं, पाण्याचा आवाज होता फक्त.

दुपार उलटताना गल्लीतलं पाणी उतरलं. माणूस कुणी गेलं नाही, हे देवाचे उपकार. बाकी गाद्या, धान्य, पोरांची पुस्तकं, शेजारच्या घड्याळवाल्याची सगळी घड्याळं असं पुष्कळ गेलं. लोक बारक्याच्या पाठीवर थाप मारत होते, तू होतास म्हणून वाचलो म्हणत होते, आणि प्रत्येक थापेने तो आणखी खाली वाकत होता. घराशी आला तेव्हा त्याला दारातून आत जायला खांदा तिरका करायचंही सुचलं नाही, तो चौकटीवर आपटला.

आत गुडघाभर पिवळी माती होती. भिंतीवर पाण्याची रेघ होती, टेबलाच्या वर चार बोटं. टेबलावर आई बसली होती, कमरेपर्यंत भिजलेली, मांडीवर ते चाक धरून. घर सगळं वाडीसारखं दिसत होतं, आणि वासही तिथलाच, ओल्या डोंगराचा.

बारक्या उंबऱ्याबाहेरच थांबला. आईने विचारायच्या आत त्याने सगळं सांगून टाकलं. की ढीग माझा होता. की तो हलवायला सांगितला होता, मी हलवला नाही. की गल्ली माझ्यामुळे बुडाली, आणि हे उद्या मी मॅडमना आणि गल्लीलाही सांगणार आहे. शेवटी तो म्हणाला, "एका बकेटला कापड होतं, आई."

"बघितलंस?"

"नाही. टाकलं."

आईने चाकावरचा चिखल अंगठ्याने पुसला. त्याला वाटलं ती आता शाप देईल, आणि खरं तर दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी आत इथे बसले होते," आई म्हणाली, "आणि ही माती दारातून आली. हळूच आली रे. आधी उंबऱ्याशी थांबली. मी म्हटलं, ये बाई, ये तशीच. पाय नको पुसूस." तिने उंबऱ्याकडे हात केला. "मग आली. सगळं घर भरून आली."

बारक्याला उंबरा ओलांडवेना. त्याच्या पायांना चिखल होता.

"तू पण ये," आई म्हणाली. "आणि घमेलं घे. हे वाळलं तर दगड होईल. तुझंच काम आहे, तूच उचल."

तिला दोन्ही हातांनी उचलून त्याने बाहेरच्या पायरीवर बसवलं. फावडं शेजाऱ्याकडून आणलं. पहिलं घमेलं भरलं आणि तो नदीकडे निघाला, तेव्हा समोरच्या घरासमोर चिखल ओढत असलेल्या भोंग्याने सवयीने विचारलं, काय रे, कुठे? बारक्याने तोंड उघडलं आणि या वेळी शब्द पूर्ण बाहेर आला नाही. भोंग्याला तो समजला. त्याने हातातलं फावडं ठेवलं, डोक्यावरची टोपी काढली आणि घमेल्याचा दुसरा कान धरला.

दोघांनी ते नदीपर्यंत नेलं आणि काठावर न ठेवता वाहत्या पाण्यात सोडलं. मग दुसरं, मग तिसरं. अंधार पडेपर्यंत घमेली जात राहिली, आणि बारक्याने एकातही डोकावून पाहिलं नाही. पायरीवर बसलेली आई मात्र प्रत्येक घमेलं पुढून जाताना हात वर करून थांबवत होती, आत बघत होती, आणि मग म्हणत होती, जा.